सुस्थितीत

पोलिसांनी नाव धरली तेव्हा तिच्यात अकरा माणसं, दोन शेळ्या आणि एक सायकल होती.

नाव बगळ्याची. बगळा म्हणजे उतारावरचा नावाडी. उंच, काटकुळा माणूस. एक पाय काठावर ठेवून, मान पुढे काढून बांबू रोवायचा, म्हणून नदीच्या दोन्ही बाजूंच्या गावांनी त्याला बगळा करून टाकलं होतं. त्याची बायको मागच्या टोकाला बसून सुकाणू धरायची आणि मधूनमधून डब्यानं पाणी उपसायची. तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पण कुणाचं पत्र आलं, कुणाची औषधाची बाटली आली की लोक तिच्याकडे यायचे. बगळ्याला अक्षर येत नव्हतं आणि त्यावाचून त्याचं कधी अडलंही नव्हतं.

त्या सकाळी अकरावा माणूस धावतपळत आला. त्याच्याकडे दोन पोती होती.

"काय आहे त्यात?" बगळ्यानं विचारलं.

"खत."

पोतं आत घेताना बगळ्याचा खांदा खाली गेला. "तुमचं खत भलतंच जेवलेलं दिसतंय," तो म्हणाला. सगळे हसले. मास्तरीणही हसली.

पलीकडचा काठ वीस-पंचवीस हातांवर आला असेल, तोच झुडपांमागून तीन पोलीस बाहेर आले. खतवाला उठून उभा राहिला आणि एक शब्द न बोलता त्यानं पाण्यात उडी टाकली. नाव एका अंगाला झुकली, शेळ्या ओरडल्या, सायकल कुणाच्या तरी पायावर पडली. सगळे सावरून बघतात तर तो खाली वळणापाशी डोकं वर काढून पोहत होता. पोलिसांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग नावेकडे पाहिलं. नाव पळून जाणार नव्हती.

पोती काठावर आणून उघडली. आत तांब्याची तार. शेतातल्या पंपांच्या मोटारी फोडून काढलेली, भेंडोळी करून कोंबलेली.

जमादार पुढे आला. "मालक कोण नावेचा?"

"मीच," बगळा म्हणाला. त्याच्या हातात अजून बांबू होता.

जमादारानं त्याच्या कानाखाली वाजवली.

तो आवाज पाण्यावरून पार पलीकडे गेला असेल. बगळ्याच्या हातातला बांबू निसटला, पाण्यात पडला आणि वाहायला लागला. कुणी तो धरला नाही. बगळा रागावला नाही, ओरडला नाही. आपण काहीतरी ऐकलं पण त्याचा अर्थ लागला नाही, असा चेहरा करून तो उभा राहिला. मग नावेतल्या एकेका माणसाकडे त्यानं पाहिलं. रोज ज्यांना तो हात धरून उतरवून घ्यायचा ती माणसं आपापल्या पायांकडे बघत होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि आपल्या नवऱ्यावर कुणी हात उचलू शकतं हे मास्तरणीच्या कधी मनातही आलं नव्हतं. सुकाणूवरची तिची बोटं सुटेनात.

"चोरीचा माल वाहतोस?" जमादार म्हणाला.

"साहेब, आम्ही माणसं वाहतो," मास्तरीण मागून बोलली. "पोत्यात काय ते आम्हाला काय ठाऊक?"

"तुला कुणी विचारलं?"

पंचनामा तिथंच, सायकलच्या सीटवर कागद ठेवून झाला. दोघा उतारूंनी सह्या केल्या आणि मान वर न करता ते निघून गेले. दुपारी ट्रॅक्टरची ट्रॉली आली. नावेच्याच दोरानं नाव ट्रॉलीवर बांधली. झाडांच्या मधून, रस्त्यावरून, धुळीतून नाव चालली होती. वळणावर तिचं टोक एकदा दिसलं आणि मग दिसेनासं झालं. नवरा-बायकोला घरी परतायला नावच नव्हती. ती दोघं पुलावरून तीन कोसांचा वळसा घालून अंधार पडता पडता घरी पोचली.

वाटेत बगळा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तो रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला. पाण्यात मुरलेले त्याचे तळवे मऊ होते; चार दिवसांत ते फुटले. संध्याकाळी तो हात पुढे करून बसायचा आणि मास्तरीण त्यांना तेल लावायची. "दुखतंय का?" तिनं विचारलं की तो मान हलवायचा, हो की नाही तेही कळायचं नाही. डाव्या कानानं त्याला कमी ऐकू येतंय, हेही तिच्या हळूहळू ध्यानात आलं. ती डावीकडून बोलली की तो वळायचा नाही.

ती स्वतः नदीकाठचं लव्हाळं कापून चटईवाल्यांना घालत होती. लोक उतारावर यायचे, रिकामं पाणी बघायचे आणि तिलाच विचारायचे, "अगं, कधी सुरू करताय?" जणू नवरा-बायको हौसेनं घरी बसली होती.

ठाण्याच्या खेपा तीच करायची. पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला साहेब होते पण जेवत होते. तिसऱ्या खेपेला जमादार म्हणाला, "कोर्टाचा हुकूम आण, नाव घेऊन जा. आम्हाला काय ती लोणच्यात घालायची आहे?"

"साहेब, नाव उन्हात आहे का सावलीत?"

"का?"

"लाकूड फार वाळलं तर सांधे उघडतात. वरून एखादं ओलं पोतं टाकलं तरी…"

"आणि तिला दूध पण पाजू का?" जमादार म्हणाला. शेजारचा शिपाई खो खो हसला. मास्तरीणही कसनुशी हसली. नाव त्यांच्या ताब्यात होती. न हसून कसं चाललं असतं?

कोर्टाच्या पायऱ्यांशेजारी एक टायपिंगवाली बाई छत्री बांधून बसायची. जाडजूड, तोंडाची फटकळ. तिनं मास्तरणीचा अर्ज टाइप करून दिला. "इथं सही कर," म्हणाली, आणि मास्तरणीनं सगळं वाचून मग सही केली तेव्हा तिनं चष्म्यावरून पाहिलं. "वाचतेस? बरं झालं. इथं वाचून सही करणारी महिन्यात एक येते."

हुकूम हातात पडायला त्रेचाळीस दिवस लागले.

त्या सकाळी बगळ्यानं दाढी केली. काथ्याचं एक भेंडोळं, डांबराचा डबा, हातोडी आणि पटाशी असं सगळं पिशवीत भरलं. सांधे उघडले असणार हे दोघांनी धरूनच ठेवलं होतं. वाटेत पहिल्यांदाच तो आपणहून बोलला.

"तळ उघडला असेल. आठ दिवस पाण्यात बुडवून ठेवू. लाकूड फुगलं की बसेल."

"बसेल," ती म्हणाली. तिला एकदम हलकं वाटलं.

ठाण्याच्या आवाराची भिंत नव्यानं चालली होती. विटांचे ढीग, वाळू, सिमेंटची पोती. जमादारानं हुकूम उलटसुलट करून पाहिला. "मागं आहे बघा," म्हणाला, आणि हनुवटीनं दिशा दाखवली.

मागच्या अंगाला मोडक्या मोटारसायकलींची रांग होती. त्यापलीकडे भिंतीचं काम करणारा गवंडी फावड्यानं सिमेंट कालवत होता. गुडघ्याएवढ्या उंचीच्या कसल्याशा लांबट हौदात तो उभा होता. मास्तरीण इकडे तिकडे नाव शोधत राहिली. तिची नजर दोनदा त्या हौदावरून गेली.

मग बगळ्यानं पायातल्या चपला काढल्या. नावेत पाय ठेवण्याआधी तो नेहमी काढायचा तशा. तेव्हा तिला दिसलं.

तीच नाव होती. पुढचं निमुळतं टोक विटांवर टेकवलं होतं. आतल्या बसायच्या फळ्या काढून त्यांची भिंतीला परांची केली होती, म्हणजे गवंड्यानं त्यांच्यावर उभं राहून वरचे थर लावले होते. तळात ओलं सिमेंट, त्याखाली कालचं, त्याखाली परवाचं. चार बोटं जाडीचा दगड झाला होता आणि नावेच्या आतल्या बरगड्या त्यात बुडून गेल्या होत्या. काठावर जिथं बगळा पाय ठेवायचा तिथं फावड्याची धार आपटून आपटून लाकूड कुरतडलेलं होतं.

मास्तरणीनं त्या कुरतडलेल्या काठावरून हात फिरवला.

"बाहेर या," बगळा गवंड्याला म्हणाला. अगदी हळू. "तुम्ही बाहेर या आधी."

गवंडी दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून उतरला. "तुमची आहे? मला जमादार म्हणाले, भंगार आहे, वापर." त्यानं हातातलं फावडं खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. "आईशप्पथ, मला कुणी सांगितलं नाही. मी काय मुद्दाम…"

"नाही हो. तुम्ही कशाला मुद्दाम कराल," बगळा म्हणाला, आणि अनवाणी पायानं ओल्या सिमेंटात उतरून हातांनीच ते बाहेर काढायला लागला. फुटलेल्या तळव्यांत सिमेंट झोंबत असणार. गवंडीही मुकाट्यानं फावडं घेऊन त्याच्याबरोबर लागला.

तेवढ्यात आतून हाक आली. "नाववाले! ताबापावतीवर सही!"

मास्तरीण आत गेली. मुद्देमालाच्या खोलीत टेबलामागे कारकून बसला होता. लहान चणीचा, सर्दी झालेला. त्यानं कागद सरकवला. तिनं वाचला. जप्त केलेली लाकडी नाव, नग एक, दोर एक, सुस्थितीत व वापरण्यायोग्य अवस्थेत मिळाली, माझी कोणतीही तक्रार नाही.

"साहेब, हे असं नाहीये."

"काय नाहीये?"

"सुस्थितीत. तुम्ही बाहेर येऊन बघा. तिच्यात दगड भरलाय."

कारकुनानं नाक पुसलं. "बाई, कागद छापील आहे. सगळ्यांना हाच. तुम्हाला नको असेल तर राहू द्या. मी लिहितो, मालकानं ताबा घ्यायला नकार दिला. मग पुढची तारीख, पुन्हा हुकूम. तोवर नाव इथंच."

"इथंच म्हणजे?"

"भिंतीचं काम अजून पंधरा दिवस आहे," तो म्हणाला. दमदाटी नव्हती त्यात. खरोखर माहिती दिल्यासारखंच तो म्हणाला.

"मीच करते सही."

"मालकाची लागते."

बगळा दारात आला तेव्हा कोपरापर्यंत करडा झाला होता. कारकुनानं शाईची डबी पुढे केली. बगळ्यानं अंगठा सदऱ्याला पुसला आणि बायकोकडे पाहिलं. गेली सव्वीस वर्षं कुठल्याही कागदापुढे तो असाच बघायचा.

"काय लिहिलंय?"

कारकून नाक पुसायचा थांबला.

"नाव मिळाली असं लिहिलंय," ती म्हणाली.

त्यानं अंगठा लावला.

विटांच्या ट्रॉलीवाल्यानं परतीच्या वाटेवर नाव टाकून न्यायचं कबूल केलं. पाण्यात एका हातानं वळणारी नाव उचलायला सात माणसं लागली. गवंडी शेवटपर्यंत खांदा देऊन होता. ट्रॉली सुटताना त्यानं आपली चांगली पोलादी छिन्नी बगळ्याच्या पिशवीत टाकली आणि मागे फिरला.

उतारावर, पाण्यापासून दहा पावलांवर नाव ठेवली. तीन दिवस बगळा त्या दगडाशी झुंजत होता. छिन्नी ठेवायची, हलकेच ठोकायचं, कान लावायचा, पुन्हा ठोकायचं. जोरात मारलं तर लाकूड जाणार, हळू मारलं तर काही निघणार नाही. सिमेंटची धूळ त्याच्या भुवयांवर बसली होती. मास्तरीण निघालेले तुकडे टोपलीत भरून लांब नेऊन टाकायची. लोक येऊन बघायचे, चक् चक् करायचे. कुणीतरी म्हणालं, "पण पोलिसांनी परत दिली हेच मोठं म्हणा!" तिनं टोपली उचलली. तीन दिवस तिला धड जेवण गेलं नव्हतं.

तिसऱ्या दुपारी तळातला मोठा पोपडा सुटला. बगळ्यानं दोन्ही हातांनी तो उचलला, आणि त्याबरोबर कर्र करून खालची फळीच निघून आली. हातभर लांबीचं लाकूड सिमेंटला चिकटून वर आलं आणि तळाला पडलेल्या भोकातून खालची वाळू दिसली.

बगळा तसाच बसून राहिला. त्या भोकातून एक खेकड्याचं पिल्लू वर आलं, नावेत थोडं फिरलं आणि परत खाली गेलं.

"अहो," मास्तरीण म्हणाली. ती आठवणीनं त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली होती. "त्या कागदावर दुसरंच लिहिलं होतं."

त्यानं मान वळवली.

"नाव सुस्थितीत मिळाली, असं होतं. आणि वापरण्यायोग्य. आणि आमची काही तक्रार नाही. मी तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, तुम्ही अंगठा द्यायचा नाहीत, आणि नाव तिथंच राहील. आणखी पंधरा दिवस ते तिच्यात…"

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. चिडावं अशी तिची इच्छाच होती. पण त्याच्या चेहऱ्यावर तेच आलं, उतारावर जमादारानं मारल्यावर आलं होतं ते. काहीतरी ऐकलं पण त्याचा अर्थ लागला नाही, असं.

"दिला असता की," तो म्हणाला. "सांगितलं असतंस तरी अंगठा दिला असता. नाव तर आणायलाच हवी होती."

"मग…"

"त्यानं मारलं ते मला कळलं तरी. हे मला न कळता झालं." त्यानं छिन्नी पुसून पिशवीत ठेवली. "मी तुझ्या तोंडाकडे बघून अंगठा लावतो गं."

तो उठून पाण्यापाशी गेला आणि हात धूत बसला. मास्तरीण नावेला टेकून बसली होती ती तिथंच बसली. ऊन उतरलं, वाळू गार पडली.

सकाळी तिनं तो पोपडा फडक्यात बांधला, चुंबळ केली आणि डोक्यावर घेतला. बगळा फळी मोजत होता. "कुठं?" त्यानं विचारलं.

"कोर्टात."

टायपिंगवाल्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अंगठा दिलाय ना? मग आता काय उपयोग?"

"उपयोगाचं नंतर बघू. खरं काय ते लिहून द्यायचंय. तुम्ही टाइप नका करू. कागद तेवढा द्या. मीच लिहिते."

पायरीवर बसून तिनं लिहिलं. काना-मात्रा तपासत, जीभ दातांत धरून. नाव आम्हाला सुस्थितीत मिळाली नाही. तिच्यात सिमेंट कालवलं होतं. बसायच्या फळ्या काढल्या होत्या. सिमेंट काढताना तळाची एक फळी फुटली. पावतीवर काय लिहिलं आहे हे माझ्या नवऱ्याला मी वाचून दाखवलं नाही, ती चूक माझी. बाकीची चूक माझी नाही. खाली सही.

बाईनं ते वाचलं. शेवटच्या दोन ओळींपाशी ती थांबली. "हे असं कुणी लिहीत नाही गं अर्जात," ती म्हणाली. पण खोडलं नाही. तिनं स्वतःहून दुसरी प्रत काढली. "एक आत द्यायची, एकीवर शिक्का मारून घ्यायचा. शिक्क्याशिवाय हलू नकोस."

आवक टेबलावरचा माणूस म्हणाला, "हे आमच्याकडे येत नाही." मास्तरणीनं फडकं सोडलं आणि पोपडा त्याच्या फायलींवर ठेवला. सिमेंटचा चुरा त्याच्या चहात पडला.

"अहो! हे काय आहे?"

"आमच्या नावेचा तळ."

"उचला आधी! उचला म्हणतो ना!"

"पोच द्या, लगेच उचलते."

रांगेतली माणसं पुढे वाकून बघायला लागली. कुणीतरी लाकडाला हात लावून पाहिला. त्या माणसानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि शिक्का इतक्या जोरात मारला की टेबल हाललं.

"पुढं काय होईल साहेब?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत? आत जाईल. साहेब बघतील. नाहीतर नाही बघणार."

ती उतारावर पोचली तेव्हा बगळा ओंडक्यावर एका अंगानं उचलून ठेवलेल्या नावेखाली उताणा झोपून वरच्या बाजूला काथ्या ठोकत होता. त्याचे नुसते पाय बाहेर होते. ती वाळूवर बसली. "बाहेर येताय का? वाचून दाखवायचंय."

"इथून ऐकू येतं. उजवा कान तिकडेच आहे."

तिनं वाचलं. एकेक शब्द, सावकाश. "ती चूक माझी" हे शब्दही तिनं सोडले नाहीत. ठोकणं थांबलं होतं.

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं.

बगळा सरपटत बाहेर आला. केसांत वाळू, कपाळावर डांबर. कागद त्यानं हातात घेतला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, ओळींवरून फिरवलं.

"एक फळी कुठं लिहिलीस?"

तिनं जागा दाखवली.

"दोन आहेत."

"काय?"

"फळ्या. डावीकडची पण गेली. सकाळी तू निघालीस आणि मी बघितलं. आतून पार चिरलीय."

मास्तरीण त्याच्याकडे बघतच राहिली. शिक्का मारलेला, आत गेलेला, तीन कोस चालून दिलेला कागद! "अहो, मी आता… तिथं एक असं…"

तिचा तो चेहरा बघून बगळ्याच्या पोटात काहीतरी हललं. आधी खोकल्यासारखं, मग मोठ्यानं. तो हसत होता. पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या, इतका तो हसला. डोळे पुसता पुसता डांबर गालभर झालं.

"असू दे," तो म्हणाला. "एक तर एक. तेवढं तरी खरं लिहिलंस." त्यानं कागद घडी करून तिच्या हातात दिला आणि पुन्हा नावेखाली शिरायला वाकला. मग थांबला.

"आणि ती काथ्याची पेंडी दे इकडे. ही डावीकडची कशी गेलीय ते तू पण आत येऊन बघ. एकदा दोघांनी बघून ठेवू."